नकोशा प्रतिजनांची यादी

“रक्तगट जुळला, माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, मग आता अडचण कसली आहे, मॅडम?” ऊती-जुळणीच्या प्रयोगशाळेत काम करायला लागल्यापासून हा प्रश्न मी अनेक नवऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागले आहेत. पत्नीची मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू असते, नवरा स्वतःचे एक मूत्रपिंड द्यायला मनापासून तयार असतो आणि सगळ्या तपासण्या पार पडल्यावर शेवटी आमच्याकडून कागद जातो: क्रॉसमॅच, म्हणजे तिचे रक्त त्याच्या पेशींशी ताडून पाहणारी तपासणी, पॉझिटिव्ह. याचा अर्थ तिच्या रक्तात त्याच्याच ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, आधीपासून हजर आहेत. ती कधी तयार झाली असे त्याने विचारले, तर खरे उत्तर असते, “तुमची मुले तिच्या पोटात होती तेव्हा.”

यात कुणाचीही चूक नसते, हे मी सर्वांत आधी सांगते. आपल्या शरीरातील जवळजवळ सर्व पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात आणि ‘आपले’ कोण, ‘परके’ कोण हे रोगप्रतिकारक यंत्रणा मुख्यतः त्यांच्यावरून ओळखते. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात. त्यामुळे एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून असा तो बहुधा सबंधच मुलाला मिळतो. सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारांत एक असते ती याच कारणाने. गर्भातील बाळाचा वडिलांकडून आलेला संच आईच्या दृष्टीने परकाच असतो. वारेतून आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि काही स्त्रियांच्या शरीरात त्या परक्या संचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. गर्भपातानंतरही असे होऊ शकते. बहुतेकींना याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही, कारण पत्ता लागण्याची वेळच येत नाही. रक्त चढवल्याने आणि आधीच्या प्रत्यारोपणानेही हेच घडते. त्यांतही पहिले मूत्रपिंड नाकारले गेलेल्या रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडांची जी गर्दी उरते, ती सर्वांत मोठी. अशा रुग्णांना आमच्या बोलण्यात ‘सेन्सिटाइज्ड’ म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. प्रतिपिंडे ज्यांच्याविरुद्ध तयार होतात त्यांना प्रतिजन म्हणतात; ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये एचएलएमधला पहिला प्रतिजन ओळखला, तो अनेकदा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या, आधारे. त्याच वर्षी योन व्हान रूड आणि रोझ पेन यांनी दाखवून दिले की, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातही पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे असतात. पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत ऊतींचे प्रकार ओळखण्यासाठी वापरले जाणारे सीरम अशाच स्त्रियांकडून मिळत असे. ज्या प्रतिपिंडांमुळे आज एखादीचे प्रत्यारोपण अडते, त्याच प्रतिपिंडांनी हे सगळे शास्त्र उभे केले आहे. दोसे यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सीरम देणाऱ्या स्त्रियांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

प्रतिपिंडे असताना मूत्रपिंड बसवले तर काय होते, हे १९६० च्या दशकात शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पाहिले. रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडताच गुलाबी आणि टणक होणारे मूत्रपिंड काही मिनिटांतच निळसर, मऊ आणि निर्जीव होत असे. डेन्मार्कमधील किसमेयर-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये याचा संबंध रुग्णाच्या रक्तात आधीच असलेल्या प्रतिपिंडांशी जोडला. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही ज्यांचे प्रत्यारोपण झाले अशा ३० जणांपैकी २४ जणांचे मूत्रपिंड तात्काळ निकामी झाले होते. क्रॉसमॅच निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांपैकी फक्त आठ जणांच्या बाबतीत तसे झाले होते. त्या दिवसापासून क्रॉसमॅच न करता मूत्रपिंड बसवणे हे निष्काळजीपणाचे ठरले, आणि ते योग्यच होते.

तेरासाकी यांच्याच नावाची ट्रे आम्ही अजूनही वापरतो. तळहाताएवढी पारदर्शक पट्टी, तिच्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे खळगे. प्रत्येक खळग्यात तेलाच्या थराखाली रुग्णाच्या सीरमचा एक मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा आणि त्यात दात्याच्या रक्तातल्या दोनेक हजार लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या, पेशी. अर्धा तास थांबायचे, मग सशाच्या रक्तातून मिळवलेली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने घालून आणखी तासभर थांबायचे, शेवटी रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा पाहत जायचे. जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. त्या लहान, गोल आणि चमकदार दिसतात, मोत्यासारख्या. प्रतिपिंडे चिकटून कॉम्प्लिमेंटने भोके पाडलेल्या पेशींत रंग शिरतो. त्या फुगून काळवंडलेल्या दिसतात. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी रात्री-अपरात्री हा खळगा पाहताना मला प्रत्येक वेळी जाणवते की, ज्या पेशी इथे माझ्यासमोर मरत आहेत त्या उद्या रुग्णाच्या शरीरात मरणार होत्या. नकार देणे अशा वेळी सोपे असते, कारण डोळ्यांना दिसलेले असते.

अवघड झाले ते नंतर, तपासण्या अधिक संवेदनशील झाल्यावर. आधी फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे यंत्राने मोजणारी, क्रॉसमॅच आली, मग मण्यांची तपासणी आली. सूक्ष्म मणी, प्रत्येकावर एकाच प्रकारचे एचएलए प्रथिन चढवलेले. एका तपासणीत असे सुमारे शंभर मणी. रुग्णाचे सीरम त्यांत मिसळले की ज्या मण्याला प्रतिपिंडे चिकटली असतील तो प्रकाशतो आणि यंत्र त्या प्रकाशाचा आकडा देते. त्यावरून आम्ही त्या रुग्णासाठी नकोशा प्रतिजनांची यादी लिहितो. हे प्रतिजन ज्या दात्यात असतील, त्याचे मूत्रपिंड या रुग्णासाठी विचारातच घ्यायचे नाही. प्रत्यक्ष पेशी हाती येण्याआधी, दात्याचा एचएलए प्रकार आणि ही यादी कागदावर ताडून निर्णय घ्यायचा, याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. बर्फावरचे मूत्रपिंड तासागणिक खराब होत असते; ते दूरच्या रुग्णाकडे पाठवायचे की नाही, हे त्यामुळे आधीच ठरवता येते.

या यादीवरून आणखी एक आकडा निघतो, सीपीआरए. दात्यांच्या एकूण समूहातील किती टक्के दात्यांमध्ये यादीतला एखादा तरी प्रतिजन आहे, हे तो सांगतो. सीपीआरए ५० असेल तर दर दोन दात्यांपैकी एक चालतो. ९९ असेल तर शंभरांत एक. रक्तगट जुळणारे शंभर दाते समोर आले, तरी अशा रुग्णासाठी त्यांतला एक तरी चालण्याची शक्यता ६३ टक्केच भरते. तीनशे दाते आले तर ती ९५ टक्क्यांवर जाते. आकडा ९९.९ असेल तर तेच तीनशे दाते येऊनही शक्यता जेमतेम २६ टक्के. कागदावर दोघांपुढेही ‘अतिशय जास्त’ एवढेच लिहिलेले असते, पण एकीला काही महिन्यांत बोलावणे येऊ शकते आणि दुसरी वर्षानुवर्षे वाट पाहते. दशांश चिन्हापुढच्या त्या एका आकड्यासाठी मी भांडते, ते यामुळेच.

आता माझे खरे म्हणणे असे की, ही यादी यंत्र लिहीत नाही, आम्ही लिहितो. प्रकाशाच्या कोणत्या आकड्यापुढे प्रतिजन ‘नको’ म्हणायचा, याची जगभर एकच मान्य रेषा नाही. प्रत्येक प्रयोगशाळा ती आपल्या अनुभवाने आखते. शिवाय तो आकडा प्रतिपिंडांचे सरळ मोजमापही नव्हे. प्रतिपिंडे फार जास्त असली की कॉम्प्लिमेंटचे रेणू मण्यावर दाटी करतात आणि आकडा उलट कमी येतो. तेच सीरम पातळ करून तपासले की वर चढतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. उलट बाजूने, मण्यावर चढवताना प्रथिनाची घडी मोडलेली असली, तर एरवी झाकलेला भाग उघडा पडतो आणि ज्याच्या शरीराला एचएलएविरुद्ध कधी काही करावेच लागलेले नाही अशा माणसाचाही मणी प्रकाशतो.

माझ्याकडून नेमके हेच झाले होते. एका तरुण रुग्णाला कधी रक्त चढवलेले नव्हते आणि आधीचे प्रत्यारोपणही नव्हते. त्याच्या तपासणीत पाचसहा मणी प्रकाशले, त्यांत दात्यांमध्ये नेहमी आढळणारा एक प्रतिजन होता. रेषेच्या वर आकडा आहे म्हणून मी ते सगळे प्रतिजन यादीत घातले आणि सही केली. वर्षभराने याद्यांची फेरतपासणी करताना इतिहासाचा रकाना वाचला आणि थांबले: सेन्सिटाइज्ड होण्याचे एकही कारण नसताना ही प्रतिपिंडे आली कुठून? तोच प्रतिजन असलेल्या निरोगी माणसाच्या पेशी घेऊन फ्लो क्रॉसमॅच केली. ती स्वच्छ निगेटिव्ह आली. मण्यांवर आम्लाची प्रक्रिया करून प्रथिनाची घडी मुद्दाम मोडली, तर आकडा उलट वाढला. म्हणजे त्याची प्रतिपिंडे मोडक्या प्रथिनाविरुद्ध होती; जिवंत मूत्रपिंडाला त्यांच्यापासून काहीही धोका नव्हता. ते प्रतिजन मी त्याच दिवशी यादीतून काढले. मधल्या वर्षात त्याला चालली असती अशी किती मूत्रपिंडे त्याच्या नावापुढून सरकून गेली असतील, हे मला मोजता आलेले नाही. चुकीचा ‘हो’ लगेच उघडा पडतो, सगळ्यांना दिसतो, त्यावर बैठक होते. चुकीचा ‘नको’ मात्र गप्प असतो, आणि त्याची किंमत रुग्ण डायलिसिसच्या खुर्चीत बसून भरतो.

म्हणून यादी ढिली ठेवावी, असे मात्र मी म्हणत नाही. तीन बाळंतपणे झालेल्या एका बाईंच्या ताज्या सीरममध्ये एका प्रतिजनाविरुद्ध काहीच दिसत नव्हते. शीतपेटीत जपून ठेवलेला त्यांचा काही वर्षांपूर्वीचा नमुना काढून तपासला, तर तोच मणी ठळक प्रकाशला. आणि तो प्रतिजन त्यांच्या पतीच्या संचातला होता. प्रतिपिंडे रक्तातून ओसरली, तरी ती तयार करणाऱ्या पेशींची आठवण ओसरत नाही. तोच प्रतिजन पुन्हा समोर आला की काही दिवसांतच ती पेशी जागी होऊन जुने काम नव्या जोमाने सुरू करते. त्या प्रतिजनाचे मूत्रपिंड आले तेव्हा मी ‘नको’ लिहिले आणि आजही तसेच लिहीन. मी दर वेळी रुग्णाला बाळंतपणे, गर्भपात, चढवलेले रक्त, जुने प्रत्यारोपण यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारते, ते चौकशीखोरपणाने नव्हे. गर्भपाताचा प्रश्न बाईंना सासरच्या माणसांसमोर विचारू नये, एकटीला विचारावा, हेही मी अनुभवाने शिकले आहे; अर्धवट उत्तरावर लिहिलेली यादी अर्धवटच राहते.

वाटपाच्या नियमांनी या रुग्णांसाठी काय करायचे, याचीही निरनिराळी उत्तरे आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०१४ पर्यंत सीपीआरए ८० किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येकाला प्रतीक्षायादीत पुढे नेणारे सरसकट चार गुण मिळत. पाचांत एक दाता चालणारी रुग्ण आणि हजारांत एक चालणारी रुग्ण या एकाच मापाने मोजल्या जात आणि दुसरी अर्थातच मागे राहत असे. नव्या पद्धतीत गुण चढत्या श्रेणीने देण्यात आले. प्रतीक्षेच्या एका वर्षाला एक गुण, तर सीपीआरए १०० असलेल्याला २०२.१० गुण. त्यानंतर अशा रुग्णांची प्रत्यारोपणे सुरुवातीला एकदम वाढली आणि मग थोडी खाली येऊन स्थिरावली, कारण वर्षानुवर्षे साचलेली माणसे आधी निघाली. काहींना हे गुण अन्यायाचे वाटतात. मला ते वाटत नाहीत. ज्याला शंभरांतून ऐंशी दाते चालतात त्याला आज एक मूत्रपिंड हुकले तर थोड्याच दिवसांत दुसरे मिळते; हिला हजारांतून एकच चालते, आणि ते हुकले तर पुढचे कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही.

युरोपातील आठ देशांच्या एकत्रित व्यवस्थेत, नेदरलँड्समधील लायडन येथून, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वेगळाच विचार राबवला जातो, आणि मला तो फार आवडतो. तिथे प्रश्न उलटा विचारतात: या रुग्णाला नको काय, यापेक्षा चालते काय? ज्या परक्या प्रतिजनांविरुद्ध रुग्णाने आजवर कधीच प्रतिपिंडे केलेली नाहीत, ते शोधून त्यांची यादी करतात आणि रुग्णाचे स्वतःचे प्रतिजन अधिक हे चालणारे प्रतिजन एवढ्यांतच बसणारा दाता आला, की मूत्रपिंड आधी त्या रुग्णाला देऊ करतात. काम तेच, सीरमही तेच. पण नकारांची यादी लिहिणारा हात आणि होकार शोधणारा हात यांची नजर एकच नसते. दात्यांचा समूह मोठा असणे मात्र दोन्हींत अटळ आहे. एका रुग्णालयाच्या किंवा एका शहराच्या दात्यांत ९९.९ वाल्या रुग्णासाठी दाता सापडणे हा केवळ योगायोग असतो; याद्या एकत्र केल्याशिवाय तिच्यासाठी काही केले, असे म्हणता येत नाही.

दाता बदलता येत नसेल तर प्रतिपिंडे काढून टाकावीत, हा दुसरा मार्ग. रक्तद्रव गाळून घेतात, इम्युनोग्लोब्युलिनचे मोठे डोस देतात, प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींविरुद्ध औषधे देतात. घशाच्या संसर्गाला कारण होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपासून मिळवलेले इम्लिफिडेस हे एन्झाइम तर रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांचे काही तासांत दोन तुकडे करते. युरोपात २०२० मध्ये त्याला सशर्त मान्यता मिळाली. पण प्रतिपिंडे एकदोन आठवड्यांत परत येऊ लागतात, आणि खरा सामना तिथून सुरू होतो. हे करून फायदा होतो का, यावर अमेरिकेतील २२ केंद्रांच्या २०१६ च्या अभ्यासाने होय म्हटले. न जुळणाऱ्या जिवंत दात्याचे मूत्रपिंड घेतलेल्या १०२५ रुग्णांपैकी ७६.५ टक्के आठ वर्षांनी जिवंत होते, तर वाट पाहत राहिलेल्या किंवा मृत दात्याचे मूत्रपिंड मिळालेल्या तशाच रुग्णांपैकी ६२.९ टक्के. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील अभ्यासात असा फायदा दिसला नाही. तोटाही दिसला नाही. हे दोन्ही निकाल मी रुग्णांसमोर ठेवते. थांबण्याची किंमत प्रत्येक ठिकाणी सारखी नसते, आणि तुलना शेवटी तिच्याशीच करायची असते.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो विचारणाऱ्या एका गृहस्थांनी पुढे आणखी एक प्रश्न विचारला होता. सगळे ऐकून घेऊन ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग माझे मूत्रपिंड दुसऱ्या कुणाला चालेल का? आणि त्यांच्या घरच्यांचे हिला?” अदलाबदलीची ही कल्पना फेलिक्स रापापोर्ट यांनी १९८६ मध्ये मांडली आणि दक्षिण कोरियात १९९१ मध्ये ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आली, हे त्या गृहस्थांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यांनी ती स्वतःच्या गरजेतून शोधून काढली होती. पुढे ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जोड्या गणिताने जुळवण्याच्या पद्धती बसवल्या. जुळवणीच्या या शास्त्रासाठी रॉथ यांना लॉइड शॅपली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

अदलाबदलीच्या यादीतही सहज जुळणारे आधी बाहेर पडतात आणि सेन्सिटाइज्ड रुग्ण मागे साचत जातात, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने होती. त्यांचा रक्तगट ओ होता. रक्तगट न जुळल्यामुळे या यादीत आलेल्या जोड्यांमध्ये ओ गटाचे दाते क्वचितच असतात, कारण ते रक्तगटाने सर्वांना चालतात आणि ज्यांना चालतात त्यांना ही यादीच लागत नाही. प्रतिपिंडांमुळे अडलेल्या जोडीतला ओ गटाचा दाता म्हणूनच यादीत अनेकांना हवा असतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या माणसाला दाता सापडण्याची शक्यता थोडी वाढते. जुळणाऱ्या जोड्यांनीही केवळ दुसऱ्यांची अडलेली अदलाबदल मोकळी व्हावी म्हणून यादीत नाव द्यावे, असे मला मनापासून वाटते. अशा प्रत्येक जोडीने मागे राहिलेल्या एखाद्या रुग्णाची वाट थोडी रुंद होते.

त्यांच्या पत्नीची यादी मी पुन्हा पहिल्यापासून काढली. दोन बाळंतपणे, एकदा चढवलेले रक्त, तीन वेगवेगळ्या महिन्यांचे सीरम, पातळ करून आणि न करता. दोन प्रतिजन जुन्या यादीतून कमी झाले. एक नवा प्रतिजन त्यात घालावा लागला, एचएलएच्या डीक्यू या गटातला. आधीच्या तपासणीत त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सीपीआरए ९९.६ वरून ९८.१ वर आला, म्हणजे अडीचशे दात्यांत एक चालत होता, तो आता त्रेपन्नांत एक चालेल. त्यांची जोडी यादीत आहे. दर तीन महिन्यांनी त्या सीरमचा नमुना द्यायला येतात. मधल्या काळात रक्त चढवावे लागले तर लगेच कळवा, असे मी फाइलवर लाल शाईने लिहून ठेवले आहे.